झोपलेली अंडी घेऊन रत्नागिरीला

सुधाने डबा परातीत ओतला आणि आतून राख निघाली.

ती आधी परातीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "चाळून घातलीय. खडा नाय एक."

ती खाली बसली. खुर्ची शेजारीच होती, तरी फरशीवर बसली. तिच्यामागे दोन टाक्यांत पाणी बुडबुडत होतं आणि त्यात डोळ्यांना धड न दिसणारी कोळंबीची पिल्लं होती. त्यांना दुसऱ्या दिवसापासून जिवंत खाणं लागणार होतं. ते खाणं म्हणजे मी आणलेला हा डबा. खाऱ्या तळ्यात होणारा, कोळंबीच्या नात्यातला एक बारीक जीव असतो, त्याची अंडी होती आत. अमेरिकेतून मुंबईपर्यंत ती सुखरूप आली. मुंबईहून माझ्या मुलाबरोबर गावी आली, तीही सुखरूप. पुढचा तुकडा तेवढा माझा होता.

"आत्ये," सुधा म्हणाली, "ही जिवंत होती."

"ठाऊक आहे की. म्हणून तर राख घातली."

सावर्डे

आमच्या गावच्या मंडळाच्या अंकात सगळे काशी-रामेश्वराचं लिहितात. मी रत्नागिरीचं लिहिते. आमच्या वाडीतून रत्नागिरी एसटीने अर्ध्या दिवसाची वाट, पण जिल्ह्याचं गाव असूनही साठी उलटेपर्यंत मी तिथे गेले नव्हते. कोर्टाचं काम कधी निघालं नाही, आणि इस्पितळात न्यावं इतकी मी कोणाला मोलाची नव्हते.

सुधा माझ्या धाकट्या भावाची मुलगी. खूप शिकली. रत्नागिरीला समुद्राच्या कडेला एका ठिकाणी कोळंबीची पिल्लं वाढवायचं शिकत होती. म्हणजे अंड्यातून निघालेलं पिल्लू शेततळ्यात सोडण्याजोगं होईपर्यंत टाकीत सांभाळायचं. आधीच्या खेपा मेल्या होत्या. ही शेवटची होती. ती जगली नाही तर सुधाची जागा जाणार होती, आणि माझा भाऊ तिला घरी आणून दापोलीकडच्या एका स्थळाला देणार होता. स्थळ वाईट नव्हतं. मुलाला मी बघितलं होतं. बोलताना तो दर वाक्याला आपल्या आईकडे बघायचा.

माझा मुलगा वसंता मुंबईला बंदरात कामाला. सुधाने त्याला कळवलं होतं की तिला शिकवणाऱ्या सरांच्या ओळखीच्या माणसाकडून डबा घे आणि शिमग्याला येशील तेव्हा आधी रत्नागिरीला पोचव. तो आधी घरी आला, कारण पालखी. पालखी नाचवताना त्याचा पाय मुरगळला. त्याआधी वाडीतल्या पोरांना अमेरिकेचा माल दाखवायचा म्हणून त्याने स्क्रू ड्रायव्हरने डब्याचं झाकण उचकटलं होतं. मग वर फडकं बांधून दिलं. त्या दिवसांत वाडीतल्या बायका रिकाम्या नव्हत्या आणि पुरुष शुद्धीत नव्हते. उरले मी.

"ह्यात काय आहे ते तरी सांग," मी म्हटलं.

"अंडी."

"फुटतील."

"फुटायला ती काय कोंबडीची आहेत? बघ." त्याने फडकं सोडून दाखवलं. तपकिरी पूड, नाचणीच्या पिठासारखी, फक्त बोटाला जरा रवाळ. "झोपलेली आहेत. वर्षानुवर्षं अशीच राहतात. पाण्यात टाकली की उठतात. बियाण्यासारखं समज."

हे त्याने म्हणायला नको होतं. बियाणं म्हटलं की माझ्या अंगात शहाणपण संचारतं.

सावर्ड्याला बाजार होता. एसटी भरून आली. मला पुढची जागा मिळाली, ड्रायव्हरच्या मागची. डबा पायांजवळ ठेवला आणि लुगड्याच्या पदराचं टोक त्याच्या कडीत अडकवून गाठ मारली, म्हणजे चोर आला तर मला घेऊनच गेला असता.

पाली

मला पालीला उतरायचं नव्हतं. उतरायचं होतं हातखंब्याला. तिथे रत्नागिरीचा फाटा फुटतो, तिथून दुसरी गाडी. पण घाटात इंजिन तापलं. ड्रायव्हर खाली उतरला, पऱ्यातून, म्हणजे कडेच्या ओहळातून, डबाभर पाणी आणलं, अर्धं इंजिनाला पाजलं आणि उरलेलं माझ्या पायांशी ठेवलं.

"आजी, पायांत धरून बसा. पुढे परत लागेल."

पुढच्याच वळणाला ते पाणी माझ्या लुगड्यावर आणि अंड्यांच्या डब्यात गेलं.

मी ड्रायव्हरशी भांडायला लागले. तो गाडी चालवत होता, त्यामुळे भांडण एकतर्फी होतं आणि म्हणून रंगलं. त्याची गाडी, त्याचं पाणी, त्याची आई, सगळं काढून झालं. माझ्याइतकं कोणी बोलत नव्हतं, म्हणून मी जिंकतेय असं मला वाटलं. शेवटी कंडक्टर मागून आला.

"आजी, झालं का तुमचं?"

"नाय झालं."

"मग चालू दे. हातखंबा मगाशीच गेला."

पालीला उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पालीला माझी नणंद दिलेली आहे, चंद्रभागा. आम्ही लग्नाच्या वर्षापासून एकमेकींना टोमणे मारत आलो आहोत आणि दोघींचे नवरे गेल्यावरही ते थांबलेले नाहीत. ती ओटीवर सुपारी कातरत होती.

"वहिनी? वाट चुकलीस की मुलाने घरातून काढली?"

"वन्स, पाणी द्या आधी."

"भिजून आलीस आणि वर पाणी मागतेस."

तिने जेवायला वाढलं. कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी, वर भाजलेली सुकट. पालीकडची पिठी आमच्यापेक्षा पातळ असते आणि त्यात त्या कोकमं जास्त टाकतात. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, घट्ट पिठी माणसं कामाला जायची नसतील तेव्हा करतात. जेवण छान झालं.

मग मी डबा सोडला. वरची पूड ओली होऊन तिचे गोळे झाले होते. मी बोटाने चेपून बघितलं. भिजलेलं बियाणं म्हणजे काय हे मला कोणी सांगायला नको. राहूला, म्हणजे चिखलात फोकून पेरायला, भात भिजत घालतात ते मोड येण्यासाठीच. वाटेतच ह्या अंड्यांना मोड आले तर रत्नागिरीला मी काय नेणार?

"वन्स, सूप द्या. वाळवायला पाहिजे."

"काय गो हे? अमेरिकेची नाचणी?"

"किड्यांची अंडी आहेत."

चंद्रभागेने सूप देता देता परत घेतलं. "माझ्या सुपात किड्यांची अंडी? परवा त्यात मी तांदूळ पाखडणार हाय."

शेवटी तिने फाटका मांजरपाट दिला. मी तो मागच्या कातळावर पसरला. फाल्गुनातलं ऊन, आणि कातळ असा तापलेला की पाय टेकवत नव्हता. त्यावर पूड हाताने पातळ पसरली. वारा येईल म्हणून चार बाजूंना दगड ठेवले, कोंबड्या येतील म्हणून स्वतः बसले. नारळाच्या झावळीने अधूनमधून परतत होते, जसा रवा परततात. उन्हं कलेपर्यंत पूड खुळखुळीत कोरडी झाली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण कुळीथ, वाल, पावटा, काहीही मडक्यात भरायचं तर राख लावल्याशिवाय भरत नाहीत, किडा लागतो. पन्नास वर्षं हेच केलंय. चंद्रभागेच्या चुलीतली राख घेतली, फडक्यातून चाळली आणि डब्यात ओंजळी-ओंजळीने घालून हाताने चोळली.

ती बघत होती. "वहिनी, राख किडा लागू नये म्हणून घालतात ना?"

"मग?"

"आणि हे किडेच आहेत ना?"

मी तिला सांगितलं की शिकलेल्या माणसांच्या वस्तूंतलं तिला काही कळत नाही.

रत्नागिरी

रत्नागिरीला सकाळच्या गाडीने पोचले. शहर मला पसंत पडलं नाही. रस्ते चढउताराचे आहेत आणि ज्याला विचारावं तो "खाली जा" म्हणतो. खाली गेलं की समुद्र लागतो. मी त्याआधी समुद्र एकदाच बघितला होता, तोही लग्नाआधी, आणि तेव्हाही मला वाटलं होतं की एवढं पाणी आणि एक वाफा भिजवायच्या कामाचं नाही. मत बदललं नाही.

सुधाची जागा समुद्राला लागून. एक लांब खोली, पत्र्याचं छप्पर, दोन टाक्या. एक मोठी, आमच्या गोठ्याएवढी, एक लहान. नळ्यांतून हवा सोडत होते. सर मुंबईला गेले होते, ती एकटीच होती. मला बघून ती पळत आली, माझ्या नव्हे, डब्याच्या पाया पडली असती. पुढचं वर सांगितलंच आहे.

फरशीवर बसून तिने मला सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं. पाणी सांडलं ते, मांजरपाट, कातळ, राख.

"ओली केली," ती म्हणाली. "तव्यावर भाजावी तशी उन्हात भाजली. वर राख. आणखी काही राहिलं का गो आत्ये?"

"फोडणी."

ती हसली नाही. उठली आणि बादलीत मीठ घालायला लागली. पाणी एवढं खारट केलं की मीठ विरघळेना. त्यात माझी पूड ओतली आणि ढवळून ठेवली. राख तळाला गेली, अंडी वर तरंगली.

"झालं की," मी म्हटलं.

"कोळसा पण तरंगतो, आत्ये."

खरंच कोळशाचे बारके कण अंड्यांबरोबर वर आले होते. चंद्रभागेच्या चुलीत लाकडं अर्धी जळतात, हे मी तिला नेहमी सांगते. मग आम्ही दोघी चिमट्याने कोळसा वेचत बसलो. तिने भिंग दिलं तरी मी कोळसा समजून अंडी उचलत होते, तेव्हा तिने माझ्याकडून चिमटा काढून घेतला आणि नुसतं बसायला सांगितलं.

अंडी धुऊन तिने उलट्या टांगलेल्या, तळ कापलेल्या मोठ्या बाटलीत खाऱ्या पाण्यात सोडली. खालून हवा, वरून दिवा. एक दिवस, दीड दिवस लागणार होता. तोपर्यंत टाकीतल्या पिल्लांना ती उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून घालत होती. त्याने पाणी नासतं. घालू नये तर उपाशी मरतात, घालावं तर पाण्याने मरतात.

"ह्यातली काही निघतील का?" मी विचारलं.

"ओली होऊन किती वेळ राहिली त्यावर आहे. जी आतून जागी व्हायला लागली असतील ती उन्हाने मेली. जी झोपेतच होती ती कदाचित."

"कातळावर पाय भाजत होता, सुधा. मला खोटी आशा देऊ नको."

"तुला नाही देत, मला देतेय." तिने बलकाची वाटी धुतली. "हे बघ. अंडं उकडलं की आतलं पांढरं घट्ट होतं. ते थंड केलं तरी परत पातळ होतं का?"

"नाय."

"का नाही? ते पांढरं म्हणजे प्रथिनं. प्रथिनं म्हणजे घड्या घातलेले धागे समज. ताप लागला की घड्या सुटतात, धागे एकमेकांत गुंततात, गोळा होतो. सगळ्या जिवांचं असंच. तुझंमाझं पण. तापाने माणूस मरतो तो तसाच. पण ही अंडी झोपायच्या आधी आपल्या आत एक वेगळं प्रथिन साठवून ठेवतात. खूप साठवतात. ताप लागला, पाणी आटलं, हवा संपली, की ते बाकीच्यांना चिकटून बसतं. घड्या सुटल्या तरी गुंता होऊ देत नाही. मग पाणी मिळालं की सोडून देतं, आणि बाकीची आपापल्या कामाला लागतात. असा सरांचा अंदाज आहे. पक्कं अजून कोणाला ठाऊक नाही, शोध चाललाय."

मी विचार केला. "म्हणजे पालखीच्या दिवशी न प्यायलेला माणूस."

"काय?"

"सगळे झिंगून एकमेकांच्या अंगावर पडतात. एखादा शुद्धीतला असला तर तो एकेकाला धरून उभा ठेवतो, सकाळी घरी सोडतो. स्वतः पालखी नाचवत नाही, पण तो नसेल तर पालखी खाली पडते."

सुधाने वाटी खाली ठेवली. "अगदी तेच."

"आमच्या वाडीत हे प्रथिन नाय. वसंताचा पाय बघ."

तेव्हा ती पहिल्यांदा हसली. मग टाकीकडे वळली. मी विचारलं, कोळंबीच्या पिल्लांत नाही का तसलं काही? म्हणाली, असेल थोडं, सगळ्यांतच थोडं असतं, पण ही जागी आहेत. जागं असलं की भूक लागते.

दुसऱ्या दिवशी तिने मला समुद्रावर पाठवलं. मी तिथे बसून चुका करणार नाही अशी तिची खात्री होती. किनाऱ्यावर कोळणी मासळी विकत होत्या. मी भाव विचारला, कमी कर म्हटलं. कोळीण म्हणाली, "बाय, तुला बांगडा ओळखता येतो काय?" मी म्हटलं, येतो. आणि सौंदाळ्यावर, म्हणजे भलत्याच माशावर, बोट ठेवलं. त्या सगळ्या एवढ्या हसल्या की मला एक बांगडा तसाच दिला. आमच्याकडे मासा येतो तो सुकलेला. सुकल्यावर सगळे भाऊच दिसतात.

तो बांगडा सुधाच्या स्टोव्हवर तळला. तिने खाल्ला नाही. बाटलीपाशी बसून होती.

त्याच दिवशी उन्हं उतरल्यावर तिने मला हाक मारली. आवाज साधाच होता. बाटलीत वर फोलं तरंगत होती, तळाशी न उठलेली अंडी बसली होती. तिने वरचा दिवा बंद करून बाटलीच्या एका बाजूला टॉर्च धरला. बराच वेळ काही नाही. मग त्या उजेडाकडे पाण्यात नारिंगी धूर सरकल्यासारखा आला.

"हे काय, गंज?"

"पिल्लं."

तिने एक थेंब काचेवर घेऊन मला यंत्रातून बघायला लावलं. मी डोळा लावला. "केसाळ आहे गो."

"आत्ये, ती तुझी पापणी. जरा लांब हो."

लांब झाले तेव्हा दिसलं. एक डोळा, दोन्ही बाजूंना वल्ह्यांसारखे हात, आणि ते सारखे मारत चाललेलं. मागचा काही हिशेब त्याच्या तोंडावर नव्हता. आम्ही त्याला भिजवलं, भाजलं, राखेत पुरलं, आणि ते उठून सरळ कामाला लागलं होतं. मला त्याचा जरा रागच आला. दोन दिवस बसून माझी पाठ धरली होती.

सुधा दुसरा थेंब बघत होती, तिसरा बघत होती. मग सरळ झाली.

"अर्धी पण नाहीत."

"मग?"

"दोन्ही टाक्यांना पुरणार नाहीत."

आता माझ्याविषयी गावात असं म्हणतात की म्हातारी दगड आहे. रेडकू मेलं तरी डोळ्याला पाणी नाही, असं माझी सून सांगते, आणि ते खरं आहे. पण त्या वेळी मी काय म्हटलं ते ऐका. मी म्हटलं, "थोडं थोडं दोन्हीकडे घाल गो. सगळ्यांच्या तोंडाला लागेल."

सुधाने वळूनसुद्धा बघितलं नाही. "दोन्हीकडे घातलं तर दोन्ही मरतील, आत्ये. मोठ्या टाकीला जेवढं लागतं तेवढं आपल्याकडे नाहीच. लहानीला पुरेल."

"मोठीत जास्त आहेत."

"म्हणून तर."

तिने नारिंगी पाणी बारीक जाळीवर गाळलं, धुतलं, मापाने लहान टाकीत सोडलं. थोडी अंडी मागून उठली, तीही लहान टाकीतच गेली. मोठ्या टाकीत ती बलक घालत राहिली. का घालतेस असं मी विचारलं नाही. मोठ्या टाकीतलं पाणी गढूळ झालं तसं तिने ते बदललं, परत गढूळ झालं, परत बदललं. मी पाणी उपसायला मदत केली. त्यात बिघडवण्यासारखं काही नव्हतं.

सर मुंबईहून आले तेव्हा मी अजून तिथेच होते. उंच, वाकलेला माणूस. सुधाने त्यांना सगळं सांगितलं, माझ्यादेखत, राखेसकट. मला वाटलं आता मला आणि तिला दोघींना एकाच गाडीत बसवतात. ते लहान टाकीवर वाकून पुष्कळ वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "आजी, किती वेळ उन्हात ठेवली होतीत?"

"उन्हं कलेपर्यंत. परतत होते मधूनमधून."

"परतत होता."

"करपू नयेत म्हणून."

त्यांनी चष्मा काढून पुसला. सुधाला म्हणाले, "पुढच्या खेपेची तयारी कर. आणि डबा आणायला मी स्वतः जाईन."

सुधा अजून रत्नागिरीतच आहे. दापोलीच्या मुलाचं दुसरीकडे जमलं, त्याच्या आईला पसंत पडलं असं ऐकलं. मोठ्या टाकीतलं एकही पिल्लू वाचलं नाही. लहान टाकीतली जगली.